चिकटवलेली पानं

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता; दाढ ठणकत होती, कान मात्र रिकामेच होते. समोरच्या बाकावर दोघी म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर एक नवीकोरी कादंबरी होती.

"ताई, आपल्या पुस्तकावरची बंदी उठली गं! हे बघ, सगळ्या पानांसकट पुन्हा छापलंय."

"बाबांनी डिंकाने चिकटवून टाकलेली पानंसुद्धा?"

"तीसुद्धा. काल दुपारी वाचली."

"अगं, मग सांग ना! पळून जातात ना दोघं? हत्तीवरून?"

"हत्ती तू घातलास. पानं सुटेनात, म्हणून गच्चीवर बसून आपणच रचायचो ना सगळं."

"आणि तो दर्यावर्दी?"

"तो माझा. त्याचा एक डोळा तू काढलास."

"फारच देखणा व्हायला लागला होता मेला. मग आहे तरी काय त्या पानांत?"

"ती त्याचा हात धरते."

"आणि?"

"सोडते. पुढे नुसता पश्चात्ताप."

"पश्चात्तापावर बंदी?"

"मला तर वाचता वाचता डुलकी लागली."

"आणि आपण जेवताना बाबांकडे मान वर करून बघत नव्हतो! हत्तीच्या पायी!"

"काय दिवस होते गं."

"होते खरे. बरं, ते पुस्तक आधी पिशवीत टाक. नातींच्या हाती लागता कामा नये."

"का? त्यात वावगं काहीच नाही."

"तेच म्हणते मी. त्यांना आपण हत्तीसकट सगळं सांगून बसलोय. आपली काय अब्रू राहील?"