काकांची चावी

काका: माझ्या नावाने लॉगिन? नीट बघ, कॉम्प्युटरच्या फौजदारबाई.

फौजदार: नीटच बघितलंय, काका. सकाळी नऊ बारा, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं लिनक्स मशीन, खातं तुमचं.

काका: नऊ बाराला मी दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसलो होतो. विचार त्याला.

फौजदार: गरज नाही. तो तुम्ही नव्हतात, हे पहिल्या कमांडलाच कळलं. शिरल्या शिरल्या त्याने मशीनला विचारलं, मी कोण? मग, इथे आणखी कोणाची खाती आहेत? मग, शेजारी कुठली मशीन्स? या हॉस्पिटलात एकोणीस वर्षं मशीन्स सांभाळलेला माणूस हे कशाला विचारेल?

काका: घरातला माणूस साखरेसाठी सगळे डबे उघडून बघत नाही.

फौजदार: तेच. आणि नऊ वीसला तो तिथून प्रिंटरच्या सर्व्हरवर गेला.

काका: टेस्टिंगवरून प्रिंटरवर? त्या दोघांचा काय संबंध?

फौजदार: काहीच नाही, म्हणून तर अलार्म वाजला. दोन्ही मशीन्स नेटवर्कवरून तोडलीयेत. तुमचा पासवर्ड त्याला कुठून मिळाला, ते शोधतेय. पण पुढे जाताना पासवर्ड लागलाच नाही त्याला. पासवर्डऐवजी चालणाऱ्या तुमच्या डिजिटल चावीची फाइल टेस्टिंगवर पडून होती.

(काका चष्मा काढून शर्टाला पुसत राहतात.)

काका: डिस्क बदलताना ठेवली होती. तासाभरापुरती.

फौजदार: फाइलवर सहा वर्षांपूर्वीची तारीख आहे.

काका: अगं, मग पेशंटचे रिपोर्ट? ती चावी सगळीकडे चालते! दोन महिन्यांनी रिटायर होतोय मी, आणि जाता जाता हे...

फौजदार: रिपोर्टच्या सर्व्हरवर तीनदा धडकला. आत जाता आलं नाही. तिथून तुमची चावी मी गेल्या महिन्यात काढली होती ना.

काका: हो. घाबरून विसरलोच. काढलीस खरी.

फौजदार: आणि तुम्ही आठ दिवस अबोला धरलात. डबासुद्धा खिडकीपाशी जाऊन एकटे खात होतात.

काका: अपमान वाटला गं. वाटलं, जायच्या आधीच ही मला बाहेर काढतेय.

फौजदार: बरं, अहवालात ‘एक जुनी चावी आढळली’ एवढंच लिहिते. कोणाची, ते राहू दे.

काका: काही नको. माझी, माझ्या हलगर्जीपणामुळे राहिलेली, असं स्वच्छ लिही. आणि उरलेल्या मशीन्सवरूनही काढून टाक. आत्ताच.

फौजदार: तुम्हीच काढा की.

काका: माझा हात रेंगाळेल. तू काढ, मी बघतो.

फौजदार: हं... सहा झाली. हे शेवटचं. यानंतर आत यायचं तर मला विचारावं लागेल तुम्हाला.

काका: विचारेन की. तू बोलशील ना माझ्याशी?