गावजेवणाचं सूप

चौदा जुलै, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाची सकाळ. पावाच्या दुकानासमोर रांग लागली होती आणि माझ्यापुढे ओदिल आणि रेमोंद या दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

"चौकातली पाटी वाचलीस, रेमोंद? आज गावजेवणात सूप नाही!"

"उन्हाळ्यात गरम नको, असं समिती म्हणते."

"सत्तर वर्षं जुलैतच पितोय ना आपण? खरं कारण ती पॅरिसहून सुटीला येणारी बाई. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्यानं, लेओन्सनं, वाडग्यात उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली आणि वाडगा तोंडाला लावला, तर हिनं नाक मुरडलं."

"अगं, गावाची रीत आहे ती!"

"पहिला वाडगा लेओन्सनं उचलायचा, मग बाकीच्यांनी. आता एक्क्याण्णव वर्षांचा आहे. भिंतीकडे तोंड करून पडलाय. येणार नाही म्हणतो."

"सुपाऐवजी काय देणार?"

"खरबुजाच्या फोडी. प्लास्टिकच्या कपात!"

"शी! कपात?"

"वर काडी टोचून!"

"समितीत तुझाच पोरगा आहे ना गं?"

"आहे. आज त्याला माझ्या घरी पाणीसुद्धा मिळणार नाही."

"लसूण आहे घरात?"

"दोन माळा टांगल्यात. का गं?"

"मोठं पातेलं माझ्याकडे आहे. वाडगे?"

"आईचे चोवीस. चांगले खोल आहेत."

"मग उठव लेओन्सला. लसूण सोलायला बसव."

ओदिलचा नंबर आला.

"नेहमीचा एक पाव ना, काकू?"

"नको. सुपात घालायला कालचा शिळा दे, उरलाय तेवढा."

"शिळा? आज सणाला?"

"सणालाच. आणि ती पॅरिसवाली आली, तर तिला सांग, तिचा वाडगा मी भरणार आहे."