पाणाड्याची नजर

लातूरला जिल्ह्याचा दर्जा मिळाला होता, पाणी अजून मिळायचं होतं. दवाखान्यात माझ्या शेजारी विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या नरसिंग आणि त्याची बायको पारूबाई बसली होती.

“आवो, हाव म्हना डॉक्टरला. डोळ्याच्या नसेवरची गाठ काढली तर जीव वाचंल.”

“अन् नजर गेली तर? पाणी कसं दावू?”

“पाणी तर तुमच्या तळहातावरचा नारळ दावतो, म्हनं.”

“हळू बोल. नारळ मीच हलवतो. उंबर, वारूळ बघून जागा आधीच ठरलेली असती.”

“मला काय नवं सांगायलाव? लगीन झाल्यापास्नं ठावं हाय.”

“मग कधी बोलली न्हाईस?”

“पाणी लागत होतं की. आता उंबर मी हेरते. तुमी निस्ता नारळ हलवा.”