कुकडीतला दात

हॅलो? हॅलो, गोरक्ष? घाटावरच आहेस ना अजून?… कावळा शिवला?… लगेच? तात्यांना आयुष्यात कधी घाई नव्हती…

हो, स्वयंपाक होत आलाय. अरे, ऐक ना. जीवखडा नदीत सोडलास का?… नाही ना? थांब मग. गुरुजींना म्हणावं, दोन मिनिटं.

तात्यांचा दात सापडत नाहीये… त्यांच्या तोंडातला नाही रे, हत्तीचा! दाढेचा तुकडा, दगड झालेला. मेंढ्या पाण्यावर नेताना कुकडी नदीत सापडलेला… हो, तोच. बंडीच्या खिशात असायचा.

सरूआत्या इथंच आहे. म्हणते, तात्यांना अंघोळ घालताना अंगणात एक दगड पडला होता. बंडी काढताना खिशातून निसटला असणार. तिला वाटलं, मडकं फोडायला कुणी काढून ठेवलाय. तिनंच तुझ्या हातात दिला… ओरडू नकोस तिच्यावर. रडतेय ती.

धुऊन बघ जरा. पट्ट्या दिसतात? एकीला लागून एक?… किती?… पाच. तोच.

माहीत आहे मला, दहा दिवस त्याच्यावरच पाणी सोडलंस…

अरे, सोमवारी पुण्याच्या त्या बाई, जुन्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या, तो बघायला येणार आहेत. तात्यांनीच बोलावलं होतं. पहिले हत्ती डुकराएवढे, सोंडही नव्हती, हे त्यांनीच तात्यांना फोनवर सांगितलं. मागं दात उरले, त्यांवरून कळलं. आधी नुसते उंचवटे, मग गवत खाता खाता पिढ्यान्‌पिढ्या अशा पट्ट्या वाढत गेल्या. तात्या आठवडाभर मेंढ्यांची तोंडं उघडून बघत होते… हो, धाकटा म्हणून तुलाच धरायला लावायचे.

काय म्हणतात गुरुजी?… त्यात जीव असतो, ठेवता येत नाही… तुला भीती वाटते, तात्या अडकतील?

कावळा शिवला ना, गोरक्ष? मग त्यांचं काही राहिलं नाही. राहिलंय ते माझं. "पोरी, बाई येतील तवा तू ऱ्हाशील ना? मला नीट बोलता न्हाई येत," असं म्हणाले होते. मी म्हटलं, सुट्टी मिळाली तर बघते.

…आहे. आहे मी फोनवर.

असं कर, पाण्यात उतर. बुडव तो, गुरुजी सांगतील तसा. फक्त मूठ उघडू नकोस… विचार ना त्यांना… दुसरा खडा सोडायचा, तात्यांचं नाव घेऊन? चालेल म्हणाले?… सोड मग. फोन काठावर ठेव, मी थांबते.

…

सोडलास?… आणि मूठ? मिटलेलीच?… बरं. बाहेर ये आता, जपून. शेवाळ असतं तिथं.

सोमवारी?… आहे मी. सुट्टी काढते… हो. ये. ठेवते.