शेजारी येतील

— नाही हो, चिकटत नाही ते. तुम्ही पर्स जवळ ओढलीत म्हणून सांगते. सरका, अजून सरका, बाक काही माझ्या बापाचा नाही. लाळ गळतेय ती गोळ्यांनी गळतेय, आधी गळत नव्हती. आधी हा माणूस रोज सकाळी स्वतः दाढी करायचा, माझ्या नवऱ्यापेक्षा स्वच्छ — तसं माझ्या नवऱ्यापेक्षा स्वच्छ असणं फार अवघड नाही म्हणा, ते सोडा. दादा आहे हा माझा. थोरला. केस बघा, पार पिकलेत, आणि आतले डॉक्टर विचारतात काय, तर ‘बाळ काय म्हणतंय?’ बाळ! आणि विचारतात कुणाला, तर मला. तो समोर बसलेला, त्याच्याकडे ढुंकून नाही, जसं काही मी गाठोडं घेऊन आलेय. किळस येते हो. बुद्धी कमी म्हणून माणसाला पोटही नसतं का?

पोटच दुखत होतं, पहिल्यांदा आणलं तेव्हा. जेवण सोडलं, वाकून बसायला लागला, म्हटलं दाखवून येऊ. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच विचारलं, ‘दुखतंय का रे?’ — अरे-तुरे हं, बापाच्या वयाच्या माणसाला — तर दादा म्हणाला, ‘नाही.’ तो नाहीच म्हणतो. दुखणं म्हणजे त्याच्या लेखी रक्त. रक्त नाही, मग दुखत नाही. आणि मग हळूच म्हणाला, ‘शेजारी येतील.’ झालं! डॉक्टरांना घबाडच सापडलं. ‘भास होतात याला, कुणीतरी येईल अशी भीती बसलीय. यांच्यात असतं असं.’ यांच्यात! दिल्या लिहून गोळ्या. डोक्याच्या. पोटाला हात लावणं सोडाच, शर्टसुद्धा वर केला नाही, जसा काही हातच झडणार होता.

भास कसले डोंबलाचे! — बसा हो, तुमचा नंबर लांब आहे, मी बघितलाय — लहानपणी दादा रडायचा ना, तो असा की आख्खी चाळ गोळा व्हावी. मग बाबा त्याच्या तोंडावर हात दाबायचे. गप्प, शेजारी येतील. पडला, शेजारी येतील. भाजलं, शेजारी येतील. कान ठणकला, शेजारी येतील. मग काय, दुखण्याचं नावच ते पडलं त्याच्या डोक्यात. आपण ‘आई गं’ म्हणतो, तो ‘शेजारी येतील’ म्हणतो. एवढी साधी गोष्ट. आणि येतात कुठले मेले? आमचे तर दादाला बघून जिन्यात भिंतीला चिकटतात.

मग हे डॉक्टरांना का नाही सांगितलं? — तुम्ही विचारलं नाहीत, पण भुवई वर गेली ना, दिसली मला. काय सांगू? की आमच्या घरात माणसाचं तोंड दाबून — चांगल्या घरातले आहोत हो आम्ही. बाबा गेले, त्यांचं नाव आता कशाला — आणि बाबाच कशाला, परवा हा कण्हायला लागला, आमच्या भिंती या अशा पातळ, तर मीच पटकन हात — ते राहू द्या.

गोळ्यांनी काय झालं ते ऐका. दिवसभर झोप, आणि संडासला होणं बंद. सांगायला आले, तर खिडकीवरची बाई नाक मुरडून म्हणते, ‘असलं मोठ्यांदा बोलू नका.’ दवाखाना आहे की लग्नाचा हॉल? कालपासून घोटभर पाणीही ठरत नाही पोटात. सकाळी तातडीच्या खोलीत नेलं, तर त्या पोऱ्या डॉक्टरने जुना कागद बघितला, ‘हा डोक्याचा पेशंट’ म्हणाला आणि दिला परत इकडे, याच डॉक्टरांकडे धाडून. पोट बघा, नगाऱ्यासारखं ताणलंय. हात लावून बघा ना. नको? बरं. आता तर आवाजही करत नाही, आणि तो कंपाउंडर जाता जाता काय म्हणतो, ‘आज शहाण्यासारखा बसलाय!’ थुंकावंसं वाटलं मला. गप्प बसला की शहाणा. मेला तरी म्हणतील, किती गुणी.

काय? आमचं नाव? हो, हो, आलो! ऊठ दादा. सावकाश. माझ्या खांद्यावर हात टाक. आज सगळं सांगणार आहे मी, बाबांचंही आणि — सगळं. आणि तू ऐक, आत गेलं की डॉक्टर पोट दाबतील. दाबतील, त्यांनी दाबेपर्यंत मी हलायचीच नाही तिथून. दाबलं की ओरडायचं. हो. मोठ्यांदा. नाही रे, कुणी रागावणार नाही.

मी? ... नाही दादा. मी नाही दाबणार तोंड.

— अहो बाई, पाय घ्या ना मधले!