इंदूर ते बिरसी, तासाभराचं उडणं

मी बिरसीचाच. जन्म इथला, धानाची शेती इथली, अन विमानतळाच्या कुंपणाले लागूनच आमची बांधी. पायलट शिकणाऱ्यांची लहान विमानं दिवसभर डोक्यावरून फिरत राहतात, आमाले त्याचं काही वाटत नाही. मले लहानपणापासून मोजायची सवय, कोणतं गाव किती लांब, पोचाले किती वेळ, हे गावात मलेच विचारत.

धाकटा भाऊ दिनेश इंदूरले कारखान्यात. रेल्वेनं यायचं तर पुरा एक दिवस मोडते. मग इंदूरचं विमान सुरू झालं तेव्हा मी मायले सांगितलं, माय, सरळ रेघेत पाचशे किलोमीटरच्या आत, उडणं तासाभराचं, दिनेश आता जवळ आला. माय म्हणे, तासाभराचंच असन तर येत काऊन नाही? मी हसलो. काय सांगू तुमाले, तिनं हसून नोहतं विचारलं.

या हिवाळ्यात माय सकाळीच गेली. दिनेशले फोन केला, तो म्हणे, दादा, दुपारच्या विमानात जागा भेटली, मले तिचं तोंड पाहू द्या. आमच्यात दिवस बुडायच्या आत माती देतात. काका म्हणे, किती वाट पाहाची? मी म्हटलं, पाचले उतरते, थांबा. माझा शब्द म्हणून सारे थांबले. विमान वेळेवर आलं, तळ्यापाशी माती द्यायच्या जागी उभ्या साऱ्यांनी वर पाहिलं, आमच्या बांधीपल्याड उतरलं तेही दिसलं. शेजारचा सुरेश त्याले आणाले मोटारसायकल काढून राहिला होता. मी म्हटलं, कायले जातेस, हे काय इथंच तर उतरलं, दहा मिनिटांत येते तो.

आता ऐका, ते दहा मिनिटं मी कुठून धरले? लहानपणी आमी दोघं ज्या पांदणीनं गुरं घेऊन जात होतो, तिच्यातून. ती पांदण धावपट्टीत गेली. कुंपण झालं तेव्हापासून बंद आहे, अन ते कुंपण मी रोज पाहतो. तरी त्या दिवशी डोक्यात तीच वाट. दिनेशनं सामान घेतलं, गेटाबाहेर गाडी शोधली, भेटेना, मग कोणाच्या तरी मागं बसून सारा वळसा घालून आला. तेवढ्यात ऊन झाडाखाली उतरलं. काका म्हणे, आता नाही थांबता येत. मायचं तोंड झाकलं. माती लोटून झाली अन तो धावत येताना दिसला.

त्यानं पाच मुठी माती टाकली. मग एवढंच विचारलं, दादा, गेटावर कोणी काऊन नोहतं?

 

आता कोणी विचारलं इंदूर किती लांब, तर मी सांगतो, उडणं तासाभराचं, गेटापासून घरी पाऊण तास धरा, अन घ्याले माणूस पाठवा. पुढच्या आठवड्यात दिनेश येऊन राहिला आहे. मी आधीच जाऊन गेटावर उभा राहीन. तो काही बोलन, न बोलन. विमानात बसलेलं प्रत्येकाचं लेकरू वेळेत घरी पोचो, बस.