खाटेवर मराठी बंद

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक भांडणाचे न्यायाधीश भीमाशंकरराव. व्यासपीठावरच्या, नर्सिंग शिकवणाऱ्या महामाया मॅडम. उत्सवमूर्ती चिरंजीव वर्षाराणी. तिचे वडील टेंपोवाले दयानंदराव, आई केवळाबाई. आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या माझ्या उदगीरकर बंधुभगिनींनो, सर्वांना शरणु शरणार्थी.

मी चंद्रप्पा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं मशीन उघडून शिकलो. परवा दयानंदरावांनी विमानाचं तिकीट दाखवलं तेव्हापासून माझी बोबडी वळलेली आहे. आपल्या गल्लीतली पोर जपानातल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला निघाली! तिकडं म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला घरात माणूस नाही, म्हणून उदगीरहून पोर न्यायची? हे मला अजून पचलेलं नाही.

याची सुरुवात माझ्याच दुकानात झाली. काच फुटलेला फोन घेऊन वर्षाराणी आली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही रोज थोडा वेळ आजारी पडता का?"

मी दचकलो. म्हटलं, माझ्या हातून हिचं असं काय वाईट झालं?

मग तिनं सांगितलं. तिकडच्या नोकरीला जपानी यायला पाहिजे, पण पुण्याचा क्लास परवडणारा नव्हता. ती जपानी शिकत होती फोनवरचे फुकटचे धडे बघून आणि काळपट झेरॉक्सचं पुस्तक वाचून. अक्षरं गिरवायला वही पुरेना, म्हणून माझ्या दुकानाचं शटर धरलं होतं. खडूनं लिहायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. गिऱ्हाईक विचारायचं, अप्पा, हे कुठल्या मशीनचे पार्ट काढलेत? सगळं फुकटात मिळालं हो, पण जपानी बोलणारा म्हातारा रोगी काही मिळेना. तो मी झालो.

दुकानामागच्या खाटेवर मी आडवा व्हायचो आणि ती विचारायची, कुठं दुखतंय, पाणी देऊ का, कुशीवर वळवू का. नियम तिचाच. खाटेवर मराठी बंद. मराठी शब्द निघाला की धडा पहिल्यापासून. जपानीत क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, म्हणून माझ्यासारख्यालाही थोडंफार जमलं. आमची घरवाली शरणम्मा दारातून म्हणायची, "ह्या माणसाला साठ वर्षांत मराठी धड आली न्हाई, आता जपानला निघाले."

संक्रांतीच्या आधीची दुपार. मी खाटेवर पडलो आणि छातीवर कुणीतरी मशीनचं लोखंडी धूड ठेवलं. तोंडातून निघालं, "मुने गा इताई." छाती दुखते. मरायच्या वेळी माणसाला मायबोली आठवते म्हणतात ना? मग मला का आठवली नाही? खाटेवर मराठी बंद, हे इतकं अंगात भिनलं होतं.

तिनं जपानीत विचारलं, कधीपासून? मी जपानीत सांगितलं, आत्तापासून. ती खूश झाली. माझ्या कपाळावरचा घाम बघून तिला वाटलं, अप्पा तोंडावर पाणी मारून आलेत. धड्यातला पुढचा प्रश्न तिनं विचारला.

तेवढ्यात शरणम्मा चहा घेऊन आली. कप उशाशी ठेवला. माझ्याकडं निरखून बघितलं. मग म्हणाली, "बंद कर गं तुझं जपान. ह्यांनी चहाकडं बघितलं न्हाई."

वर्षाराणीचा चेहरा पांढरा पडला, पण हात चुकले नाहीत. मला टेकवून बसवलं, डॉक्टरांना फोन लावून त्यांनी सांगितलेली गोळी चघळायला लावली, बापाच्या टेंपोत घातलं. पुढं लातूरला माझ्या काळजात स्प्रिंग बसली. जन्मभर दुसऱ्यांच्या मशीनला स्प्रिंगा बसवल्या, त्याची परतफेड झाली.

घरी आलो तर शटर कोरडं. पोर फिरकलीच नाही. केवळाबाई रडत आल्या, म्हणाल्या, झेरॉक्सचं पुस्तक तिनं बंबाच्या जळणात टाकलं, मी काढून ठेवलंय. नोकरीची मुलाखत तोंडावर आलेली. डॉक्टरांनी हिंडू नको म्हटलं होतं, तरी मी तिच्या दारात गेलो.

ती माझ्याकडं बघेना. म्हणाली, "अप्पा, समोरचा माणूस खरंच मरून राहिला अन् मी त्याला शाबासकी देत होते. मी कशाला कुणाची म्हातारी माणसं सांभाळू?"

मी म्हणालो, "तू माझं ऐकत होतीस, पोरी. शरणम्मा मला बघत होती. तेवढंच शिकायचं राहिलंय. चल, खाट रिकामी हाय."

मग धडा बदलला. मी खोटं बोलायचं, तिनं ओळखायचं. गुडघा ठणकत असला तरी म्हणायचं, बरा आहे. शरणम्मा गुरू झाली. हात गार आहे का बघ, कोणती कूस धरलीय बघ, मग विचार.

मुलाखत माझ्या दुकानातच झाली. दोऱ्याच्या रिळांना फोन टेकवलेला, मी मशीनमागं श्वास धरून. तिकडच्या वयस्कर बाईंनी विचारलं, आमचे म्हातारे दुखणं सांगत नाहीत, नुसतं 'दाइजोबु' म्हणतात, म्हणजे मी ठीक आहे. तुम्ही काय कराल?

वर्षाराणी जपानीत म्हणाली, "मी त्यांच्या चहाच्या कपाकडे बघीन."

तिकडं सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मला वाटलं, बुडालं. आणि मग त्या बाईंनी पडद्यावरच सावकाश मान लववली. मीही मशीनमागून मान लववली.

उद्या ती हैदराबादेहून निघेल. बाळ, सगळ्यांसमोर एकदाच सांगतो. दाइजोबु. मी ठीक आहे, काळजी करू नको.

बघा, ती माझ्या तोंडाकडं बघतच नाही. या टेबलावरच्या कपाकडं बघून राहिली. मंडळाच्या पोरांनी मघाशीच ठेवलेला चहा. त्याच्यावर साय धरलीय.

अध्यक्षांनी आणि मंडळानं मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. या अडाण्याच्या तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. आता मला बसू द्या. चहा गार झालाय, पण प्यायला पाहिजे. पोर बघतेय.